वसंताच्या तोंडावर छोट्या ओढ्यात ट्राउट लागत नाही: आमिष बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार दरवर्षी तीच असते. हंगाम उघडलेला असतो, ओढा मोकळा वाहत असतो, पाणी तळ दिसण्याइतकं नितळ असतं. गेल्या उन्हाळ्यात जिथे हमखास मासे लागले त्या जागा पाठ असतात आणि फ्लायही (किड्यासारखी बांधलेली कृत्रिम आमिषं) त्याच असतात. सकाळभर गळ टाकूनही एक चावा मिळत नाही. मग डबी उघडते. ही फ्लाय काढ, ती लाव, तिनेही जमलं नाही तर स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष), त्यानंतर गांडूळ, आणि शेवटी ‘या ओढ्यात आता मासेच उरले नाहीत’ असा निकाल देऊन घरी.

मासे बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त शोधण्याचा क्रम उलटा झालेला असतो. आमिष बदलणं हे सगळ्यात सोपं काम, शिवाय त्यात मजाही आहे, म्हणून हात आधी डबीकडे जातो. माझं मत स्पष्ट आहे: या दिवसांत आमिष सगळ्यात शेवटी बदलायचं. त्याआधी पाण्याचं तापमान, मग मासा उभा असण्याची जागा, मग आमिषाची खोली आणि वेग, मग चावा ओळखता येतोय की नाही, हे बघायचं. निम्म्याहून जास्त वेळा गाडं खोली आणि वेगापाशीच अडलेलं असतं, त्यामुळे खाली त्यावर जास्त लिहिलं आहे.

छोटा ओढा म्हणजे दोन-चार मीटर रुंदीचा, गुडघाभर पाण्याचा आणि मधूनमधून कमरेइतके डोह असलेला, असं इथे धरलं आहे. काळ म्हणजे उत्तर गोलार्धात मार्च-एप्रिल आणि दक्षिणेत सप्टेंबर-ऑक्टोबर. पुष्कळ ठिकाणी या महिन्यांत काही ओढे बंद असतात किंवा फक्त कृत्रिम आमिषाला परवानगी असते. परवाना आणि त्या पाण्याचे नियम आधी पाहून घ्या.

‘पहाटे पोचलो, दहापर्यंत काहीच नाही’

याचं उत्तर बहुधा थर्मामीटरमध्ये आहे. ट्राउटच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर बदलतं, आणि पाणी दहा अंशांनी गार झालं की त्याच्या शरीरातले व्यवहार साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास तो जवळजवळ जागचा हलत नाही. एकदा खाल्लेलं पचायलाच इतका वेळ लागतो की पुन्हा भूक लागण्याची घाई नसते. ५ ते ७ अंशांत तो खातो, पण अगदी तोंडासमोरून गेलं तर. ८-१० अंशांवर किडे हलू लागतात आणि त्यांच्या मागोमाग मासाही. १० ते १६ अंश हा त्याचा सुखाचा पट्टा, पण वसंताच्या सुरुवातीला छोट्या ओढ्यात तो क्वचितच वाट्याला येतो.

नुसता आकडा पुरेसा नाही, तो चढतोय की उतरतोय हे जास्त महत्त्वाचं. सकाळी ४ अंश असलेलं पाणी दुपारी एकला ६ झालं तर मासे तासा-दोन तासांसाठी खायला लागलेले पुष्कळदा दिसतात. उलट ८ वरून ६ वर घसरलेल्या पाण्यात त्याच ६ अंशांना शुकशुकाट असतो. म्हणून पोचल्यावर एकदा आणि मग दर तासाला तापमान घ्या. थर्मामीटर वाहत्या पाण्यात, सावलीत, मिनिटभर बुडवून ठेवायचा. काठालगतच्या साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात बुडवला तर आकडा खोटा येतो.

म्हणजे पहाटे उठायचं काही कारणच नाही. साधारण अकरा ते तीन ही कामाची वेळ. रात्री आकाश निरभ्र आणि थंडी कडक असेल तर तळाच्या दगडांवर बर्फ धरतो. ऊन आलं की तो सुटून वर येतो आणि सकाळभर लगद्यासारखा वाहत राहतो. असा लगदा वाहतोय तोवर गळ टाकण्यात अर्थ नाही, प्रत्येक फेकीला दोरीवर बर्फच येईल.

एक गोष्ट मात्र या सगळ्या हिशेबाला छेद देते: वितळणारा बर्फ. वरच्या उतारांवर बर्फ असेल तर दुपारचं ऊन पाणी तापवण्याऐवजी शून्याजवळचं पाणी ओढ्यात ओततं. हवा छान उबदार, तुम्ही जॅकेट काढलेलं, आणि ओढा मात्र दोन वाजल्यानंतर गार होत चाललेला. पातळी किंचित चढली, रंग दुधाळ किंवा मातकट झाला आणि पारा उतरला, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की ती खिडकी बंद झाली असं समजा. अशा ओढ्यावर उशिरा सकाळची वेळ दुपारपेक्षा बरी.

यावरचा उपाय म्हणजे झऱ्याच्या पाण्यावर वाहणारा ओढा शोधणं. भूजलाचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. ते त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असतं. समशीतोष्ण प्रदेशांत हे बऱ्याचदा ७ ते ११ अंशांच्या दरम्यान येतं. शेजारचा ओढा ३ अंशांवर असताना झऱ्याचा ओढा ८ वर असू शकतो. ओळखायचं कसं? आजूबाजूला बर्फ असताना काठाचा एखादा तुकडा उघडा आणि ओला राहतो, पाण्यात हिरव्या वनस्पती हिवाळ्यातही तग धरून असतात, गार सकाळी तेवढ्याच भागावर वाफ दिसते. ज्या ओढ्यावर नेहमी जाता त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाचं तापमान एकदा मोजून ठेवा. एका दुपारचं काम आहे, पण पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

‘उन्हाळ्यात इथेच लागले होते’

लागले असतील. उन्हाळ्यात ट्राउट खळाळत्या पाण्यात उभा राहतो, कारण तिथे प्राणवायू भरपूर असतो आणि खाणं वाहत येतं. गार पाण्यात प्राणवायूची टंचाई नसते, टंचाई असते ती माशाच्या ताकदीची. प्रवाहाशी झुंजायला लागणारी ऊर्जा खाण्यातून भरून निघत नसेल तर मासा तिथे उभा राहत नाही. तेव्हा सावकाश वाहणारं, थोडं खोल आणि जवळच अंग लपवायला आडोसा असलेलं पाणी बघा.

डोहाचा मध्य आणि त्याचा खोल काठ ही पहिली जागा. मोठ्या दगडाच्या मागचीच नव्हे, पुढचीही जागा पाहा. दगडावर आदळणारं पाणी तिथे मंदावतं आणि एक उशी तयार होते. काठाखाली पाण्याने कोरलेल्या कपारी, आडवं पडलेलं झाड, मुळांचं जाळं, आणि वेगवान व संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं ती रेघ, या सगळ्या जागा चांगल्या. त्या रेघेच्या संथ बाजूला बघा. उन्हाळ्यात आपण वेगवान बाजूने फ्लाय सोडतो. इथे वीतभर अलीकडे सोडायची.

आणखी एक फरक म्हणजे ऊन. दिवसभर ऊन खाणाऱ्या बाजूचा, काळसर दगडांचा, उथळ प्रवाहाच्या लगेच खालच्या अंगाला असलेला डोह सावलीतल्या डोहापेक्षा लवकर जागा होतो. दाट झाडीतला सुंदर डोह मे महिन्यासाठी ठेवा.

डोहांची संख्या कमी आणि प्रत्येकावर वेळ जास्त, हे या मोसमाचं गणित. उन्हाळ्यात दोन-तीन फेकी टाकून पुढे सरकणं ठीक आहे. गार पाण्यात मासा एका हाताच्या अंतरापलीकडे जायला तयार नसतो, त्यामुळे चांगला डोह ओंजळभर रुंदीच्या पट्ट्यांत, अलीकडून पलीकडे, नीट विंचरून काढावा लागतो. त्याच फेकीला दहाव्यांदा चावा येणं यात नवल काही नाही. नऊ वेळा फ्लाय चार बोटं बाजूने गेलेली असते.

‘फ्लाय बरोबर त्याच्या समोरून जातेय, तरी घेत नाही’

समोरून जातेय हे बहुतेक वेळा आपल्याला वाटतं तेवढंच. पाण्याखाली वेगळंच चाललेलं असतं.

ओढ्याचं पाणी सगळ्या खोलीत एकाच वेगाने वाहत नाही. तळाच्या गोट्यांशी घासून खालचा थर मंदावतो. प्रवाह मोजणारे लोक पृष्ठभागावर वाहत्या वस्तूचा वेग घेतात आणि सरासरी काढायला त्याला साधारण ०.८५ ने गुणतात. ही झाली अख्ख्या खोलीची सरासरी. तळालगतच्या वीतभर पाण्याचा वेग त्याहूनही बराच कमी असतो. गार दिवसांतला ट्राउट नेमका त्या वीतभर पाण्यात असतो. तुमची दोरी मात्र वरच्या वेगवान थरात पडलेली असते. वरचं पाणी दोरी ओढतं, दोरी फ्लायला ओढते, फ्लाय तळापासून उचलली जाते आणि माशाच्या डोक्यावरून घाईघाईने निघून जाते. उन्हाळ्यात तो वर उठून ती घेतो, त्यामुळे हा दोष झाकला जातो. चार-पाच अंशांच्या पाण्यात तो उठत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. इंडिकेटर किंवा फ्लोट (दोरीवर लावलेला, चावा दाखवणारा तरंगता गोळा) लावला असेल तर त्याच्या बाजूने वाहणारा फेस बघा. इंडिकेटर फेसाच्या बरोबरीने किंवा त्याच्या पुढे धावत असेल तर फ्लाय तळाशी नाही. तो फेसापेक्षा रेंगाळत, जणू मागे कुणी धरल्यासारखा चालला असेल तर फ्लाय मंद थरात पोचली आहे. दुसरी खूण तळाचा स्पर्श. एका फेकीत एक-दोनदा दगडाला हलकं टेकल्याचं जाणवलं पाहिजे. कधीच टेकत नसेल तर वजन कमी. प्रत्येक फेकीला अडकत असेल तर जास्त. एकही फ्लाय न गमावता दिवस गेला तर मी तो दिवस संशयानेच बघतो.

आता दुरुस्ती. आधी वजन वाढवा. फ्लायच्या वर १५-२० सेंटिमीटरवर एक बारीक मणी दोरीवर चिमटा, टेकत नसेल तर दुसरा. मणी शिशाचा नको. गळालेलं शिसं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात. ब्रिटनमध्ये राजहंसांच्या विषबाधेनंतर १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. कथलाचे किंवा टंगस्टनचे मणी मिळतात. टंगस्टनची घनता सुमारे १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास, म्हणजे निंफवर (पाण्यातल्या किड्याच्या बाल्यावस्थेसारखी, बुडणारी फ्लाय) लावलेला त्याच आकाराचा टंगस्टनचा मणी पितळेच्या मण्यापेक्षा दुपटीहून जड. छोट्या डोहात फ्लाय बुडायला जागाच दीड-दोन मीटर मिळते, तिथे हा फरक निर्णायक ठरतो.

मग टोकाची दोरी बारीक करा. जाड तंगूस पाण्याला जास्त अडतो आणि फ्लायला वर धरून ठेवतो. ४ एक्स म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स ०.१५, ६ एक्स ०.१३. छोट्या ओढ्यातल्या माशाला ५ एक्स पुरतो. तळाशी झाडांची मुळं फार असतील तर ४ एक्स. इंडिकेटरपासून फ्लायपर्यंतची लांबी खोलीच्या दीडपट ठेवायची असा रिवाज आहे. तो सुरुवातीला ठीक आहे, पण ओढ्यात खोली दर दोन पावलांना बदलते. एका डोहासाठी लावलेला इंडिकेटर पुढच्या डोहातही तसाच ठेवून दिवस काढणारे पुष्कळ दिसतात. सरकवायला दहा सेकंद लागतात, सरकवा.

खरं तर अगदी छोट्या ओढ्यात मी इंडिकेटर काढूनच टाकायला सांगेन. तीन-चार मीटरची दोरी, काठी उंच धरलेली, पाण्यावर दोरी जवळजवळ नाहीच. फ्लाय वरच्या अंगाला टाकायची आणि ती आपल्यासमोरून खाली जाईपर्यंत काठीचं टोक तिच्या किंचित पुढे चालवायचं. वरचा वेगवान थर फक्त बारीक तंगुसाला स्पर्श करतो, ओढायला त्याच्या हाती काही उरत नाही. चेक निंफिंग म्हणून ओळखली जाणारी पद्धत याच तत्त्वावर आहे. जपानी डोंगरी ओढ्यांची टेनकारा काठीही इथे उत्तम: रील नाही, काठीवर दोरी ओवायच्या कड्या नाहीत, दोरीची लांबी ठरलेली.

एक बारीकशी गोष्ट. फेक अपेक्षित जागेच्या बरीच वर, प्रवाह येतो त्या बाजूला, टाका. माशाच्या नाकासमोर टाकलेली निंफ त्याच्या खोलीला पोचते तेव्हा ती त्याच्या मागे गेलेली असते. अर्धा मीटर खोल पाण्यात, मध्यम प्रवाहात, एक-दीड मीटर वरून सुरुवात करा आणि पहिले काही क्षण दोरी ताणू नका, बुडू द्या.

‘चावाच येत नाही’ की चावा कळत नाही?

हे वेगळं करून बघायला हवं, कारण उपाय वेगळे आहेत. गार पाण्यातला ट्राउट आमिषावर झडप घालत नाही. तो तोंड उघडतो, फ्लाय आत येते, नको वाटली की थुंकतो. दोरीवर झटका येईलच असं नाही. इंडिकेटर अर्धा क्षण थबकतो, किंवा रेघेतून जरा बाजूला सरकतो, किंवा फेसापेक्षा आणखी हळू होतो, एवढंच. नुसत्या दोरीने गरवत असाल तर दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूकडे बघा. ती पुढे सरकायची थांबली की झालं.

अशा प्रत्येक थबकण्यावर हात उचला. बहुतेक वेळा दगड निघेल, निघू दे. मात्र झटका वर आभाळाकडे मारू नका, मनगटाने थोडासा, प्रवाहाच्या खालच्या दिशेला. मासा प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो, त्यामुळे गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मोठा झटका मारला तर फ्लाय फांदीत जाते आणि डोहही बिघडतो. गळाचं टोक नखावर घासून बघा. घसरलं तर बोथट आहे. तळाला टेकवत गरवताना ते तासाभरात बोथट होतं, आणि हे तपासण्याची आठवण फार थोड्यांना असते.

स्पिनरवाल्यांसाठी

स्पिनरचा दोष एकच, वेग. छोट्या ओढ्यात आपण खालून वर चालत जातो आणि वर फेकतो. तिथून पातं फिरवत ठेवायचं तर प्रवाहापेक्षा जास्त वेगाने रील फिरवावी लागते. म्हणजे थंडीने सुस्तावलेल्या माशासमोरून आपण आमिष पळवत नेतो. ० किंवा १ नंबरचं, दोन-तीन ग्रॅमचं स्पिनर घ्या आणि वर सरळ न फेकता आडवं किंवा किंचित खालच्या अंगाला टाका. बुडू द्या, मग पातं कसंबसं फिरेल इतक्याच वेगाने आणा. कपारीच्या वरच्या बाजूला दूर, खाली वाकून थांबायचं, दोरी सोडत स्पिनर कपारीपर्यंत मागे जाऊ द्यायचं आणि तिथेच प्रवाहात फिरत ठेवायचं, हा प्रकार मला गार पाण्यात सगळ्यात भरवशाचा वाटतो. वरून जाताना माशाच्या नजरेत येण्याचा धोका आहेच, त्यामुळे अंतर राखा.

दोरीला पीळ पडून गुंता होत असेल तर स्पिनरच्या वर दोन-एक वीत अंतरावर बारीक स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) लावा. थंडीत नायलॉन कडक होऊन रीलवरच्या गुंडाळीसारखा वळलेला राहतो. सुरुवातीला वीस-पंचवीस मीटर दोरी काढून हाताने ताणली की तो बराच सरळ होतो.

पाणी गढूळ झालं तर

पावसानंतर किंचित गढूळ आणि हळूहळू चढणारं पाणी ही वाईट बातमी नाही. मातीतून गांडुळं धुपून ओढ्यात येतात आणि मासे काठालगतच्या संथ पाण्यात सरकतात. जिथे नैसर्गिक आमिष चालतं तिथे गांडुळासारखं दुसरं काही नाही: ८ किंवा १० नंबरचा गळ, गांडूळ एकदाच टोचलेलं, दोन्ही टोकं मोकळी, वजन जेमतेम. ते तळावरून लोळत जाऊ द्या, धरून ठेवू नका. मासा सोडून द्यायचा असेल तर फार वाट न बघता उचला. खोल गिळलेला गळ ओढून काढू नका, दोरी तोंडापाशी कापून सोडून द्या, त्याने मासा वाचण्याची शक्यता वाढते.

पाऊस साचलेल्या बर्फावर पडला असेल तर मात्र गार लोंढा येतो आणि दिवस गेला. पाणी तपकिरी झालं, हात बुडवल्यावर मनगट दिसेनासं झालं, की मुख्य ओढा सोडा आणि एखाद्या छोट्या उपओहोळाकडे जा, ते लवकर निवळतात. चढत्या पाण्यात ओढा ओलांडणं टाळा. जोराने वाहणारं गुडघ्याखालचं पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं, आणि त्या तापमानात पडणं म्हणजे दम कोंडणं. काठावर पाण्यावर लोंबकळणाऱ्या बर्फाच्या लाद्यांवर तर पाय ठेवूच नका.

मासे आधीच पळालेले असतात

नितळ पाणी, झाडांना पानं नाहीत, सूर्य खाली, सावली लांब. वर्षातली ही अशी वेळ आहे की आडोसा ना माशाला ना तुम्हाला. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या साधारण ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं, आणि पाण्याच्या पातळीलगतच्या ठेंगण्या वस्तू त्याच्या कडेला दबून अस्पष्ट होतात. वाकून, गुडघ्यांवर, दूर राहिलात तर तुम्ही त्या कडेला असता. काठावर ताठ उभे राहिलात की थेट आत.

शक्यतो खालून वर जा, सावली डोहावर पडू देऊ नका, आणि पाण्यात न उतरता काठावरून गरवा. दगड एकमेकांवर घासल्याचा आवाज पाण्यात दूरवर जातो. डोहाच्या उताराला, जिथून पाणी पुन्हा उथळ होतं, तिथेही एखादा मासा असू शकतो. तो घाबरून वर पळाला की सगळा डोह सावध होतो. म्हणून आधी दोन फेकी तिथे.

पाण्यात न उतरण्याला आणखी मोठं कारण आहे. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत वाळूखडीत अंडी घालतात. ब्राउन ट्राउटची अंडी फुटायला सुमारे ४०० अंश-दिवस लागतात, म्हणजे ५ अंशांच्या पाण्यात ८० दिवस, आणि त्यानंतरही पिल्लं पोटाखालची पिवळी पिशवी संपेपर्यंत कित्येक आठवडे खडीतच असतात. वसंताच्या सुरुवातीला ती पायाखाली असतात. रेनबो तर याच सुमाराला अंडी घालतो. डोहाच्या उताराला आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखी, लांबट गोल खडी दिसली तर तिच्यावर पाय ठेवू नका आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जोडीवर गळही टाकू नका.

किरकोळ कटकटी

कड्यांमध्ये बर्फ धरतो तेव्हा काठी पाण्यात बुडवून हलवा, तो सुटतो. बोटाने किंवा चाकूने खरवडू नका, टोक मोडतं. विणलेली दोरी पाणी जास्त धरते, अशा दिवशी साधा तंगूस बरा. आणि ओढा बदलताना वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), बूट वाळवून घ्या. डिडिमोसारखं शेवाळ ओल्या तळव्यांवरून एका पाण्यातून दुसऱ्यात जातं. न्यूझीलंडने २००८ मध्ये बुटांच्या फेल्टच्या (जाड लोकरी कापडाच्या) तळव्यांवर बंदी घातली ती यामुळेच.

नुकतेच सोडलेले हॅचरीचे (मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेले) मासे असतील तर वरचं बरंचसं लागू पडत नाही. ते सोडल्या जागेच्या आसपास घोळक्याने राहतात आणि भडक, हलत्या वस्तूमागे येतात.

आता आमिष

वरचं सगळं जमलं असेल तर फ्लायची निवड फार अवघड उरत नाही. तळाशी या दिवसांत असतात ते चिलटांसारख्या मिज किड्यांचे अळ्या-कोष, मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या निंफ, कॅडिसच्या अळ्या, गोड्या पाण्यातले बारीक झिंगे. १४ किंवा १६ नंबरची जड फेझंट टेल आणि हेअर्स इअर या दोन निंफ फ्लायवर मी दिवस काढू शकतो. फेझंट टेल बांधली ती फ्रँक सॉयर या इंग्रज नदीरक्षकाने. त्याने दोऱ्याऐवजी तांब्याची तारच वापरली, म्हणजे फ्लाय आपोआप जड. तेच तत्त्व इथे हवं असतं.

दोन खुणा मात्र बघा. दुपारी बर्फावर किंवा काठच्या दगडांवर काळे, सडपातळ स्टोनफ्लाय चालताना दिसले तर त्यांच्या निंफ काठाकडे रांगत आहेत. मेफ्लायसारख्या त्या पृष्ठभागावर येऊन उडत नाहीत, काठावर चढून कात टाकतात. मग काळसर १४-१६ नंबरची निंफ मधल्या धारेत न सोडता काठाला घासून सोडा. दुसरी खूण ढगाळ दुपारची: पाणी ७-१० अंशांच्या दरम्यान आलं की बेटिस जातीचे बारीक राखी मेफ्लाय उडू लागतात, आणि तेवढ्या तासाभरात कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लायही चालते. १८ नंबरची. माशांची नाकं पाण्यावर दिसत नसतील तर उगाच आशेवर बांधू नका.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सोडायचा असेल तर हात ओले करा आणि तो पाण्यातच राहू द्या. हवा शून्याखाली असेल तर काही सेकंदांत कल्ल्यांना इजा होते. फोटोसाठी बर्फावर आडवा ठेवणं तर बंदच करा.

एवढं करूनही शून्य

तापमान ८ अंश आणि चढतं, डोह चांगला, फ्लाय तळाला टेकते, तुम्ही वाकून, गुपचूप, तरीही दोन-तीन डोह कोरडे. अशा वेळी ‘मासेच नाहीत’ ही शक्यता पहिल्यांदा खरी मानायला हरकत नाही, पण ती त्या तुकड्यापुरती. उथळ, तळापर्यंत गोठू शकणारे वरचे ओढे हिवाळ्यात पुष्कळ मासे सोडून जातात आणि खाली, मोठ्या नदीच्या किंवा खोल डोहांच्या आश्रयाला जातात. पाणी तापेपर्यंत ते परतत नाहीत. वर आणखी चालत जाऊ नका, खाली उतरा. ओढा मोठ्या प्रवाहाला मिळतो त्या संगमाखालचा पहिला संथ डोह, मग संगमाच्या वरचा, मग त्यापुढचा, असं वर सरकत या. जिथे चावे थांबतात तिथपर्यंत त्या आठवड्यात मासे चढले आहेत. तिथलं तापमान टिपून ठेवा आणि आठवड्याने त्याच जागेपासून पुढे सुरू करा.